मागण्याआधी मांडलेला हिशेब

रविवारची उपासना संपते. लोक आवारात जमतात, चहाचे कप फिरतात, कोणाच्या घरचे आजारपण, कोणाच्या मुलीचे लग्न, अशी विचारपूस चालते. त्याच वेळी आतल्या लहान खोलीत दानार्पणाची पिशवी टेबलावर रिकामी होत असते. नोटा, नाणी, नाव लिहिलेली दशांशाची पाकिटे. त्यांतच एखाद्या म्हातारीने पेन्शनमधून बाजूला काढलेली, चार घड्या घातलेली पन्नासची नोट. व्यासपीठावरून जे सांगितले गेले, त्याची खरी परीक्षा या खोलीत होते.

मी काही वर्षे एका मंडळीचा खजिनदार होतो. पहिल्याच वर्षी सोमवारी बँकेला सुट्टी होती म्हणून दानार्पण घरी नेले. मंगळवारी मुलाची फी भरायची होती आणि हातात रोख नव्हती. मी त्या पिशवीतून दोन हजार उचलले आणि शनिवारी पगार झाल्यावर परत ठेवले. कोणाचा एक रुपया गेला नाही. तरीही ती गोष्ट वहीत लिहायला माझा हात धजेना, आणि मग मला माझीच भीती वाटली. वाट लोभाने चुकते असे मी समजत होतो; माझी सोयीने चुकली होती. पुढच्या बैठकीत मी पंचांना सगळे सांगितले. त्यांनी मला काढले नाही. त्यांनी नियम केला: मंडळीचा पैसा कोणाच्याही घरी रात्र काढणार नाही.

त्या दिवसापासून सचोटीचा एक साधा अर्थ मी धरून आहे. कोणी विचारण्याआधी आपला कारभार उजेडात ठेवण्याची सवय म्हणजे सचोटी. ही सवय कशी लावायची, हे पाळक, पंच, संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघाचे कार्यकर्ते आणि सोमवारी आपापल्या कामावर जाणारे सगळे विश्वासणारे यांच्यासाठी इथे लिहितो आहे.

आपण कारभारी आहोत

नव्या करारात सेवकासाठी आलेल्या शब्दांपैकी कारभारी हा शब्द आपल्या मातीला फार जवळचा. कारभाऱ्याच्या हाती सगळा व्यवहार असतो, पण सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. पेरणी, कापणी, विक्री तो बघतो. शेत मालकाचे असते. वर्ष सरले की वही घेऊन मालकाकडे जाणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो, त्यात त्याला अपमान वाटत नाही.

आपल्याही हाती जे आहे ते दुसऱ्याचे आहे. लोकांचे पैसे, लोकांची मुले, विश्वासाने सांगितलेली दुःखे, रविवारचा त्यांचा वेळ, आणि या सगळ्यावर देवाचे नाव. असे असूनही मंडळीत हिशेबाचा विषय निघाला की कोणीतरी दुखावून म्हणते, “माझ्यावर विश्वास नाही का?” काही जण शास्त्राचा आधारही देतात. मंदिराच्या डागडुजीचे पैसे ज्यांच्या हाती दिले, त्यांच्याकडून हिशेब घेतला जात नसे, कारण ती माणसे प्रामाणिक होती, असे २ राजे १२ व्या अध्यायात आहे.

तो अध्याय सुरुवातीपासून वाचा. योवाश राजाच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष उजाडले, तरी याजकांच्या हाती येणाऱ्या पैशातून मंदिराची दुरुस्ती झालेली नव्हती. त्यावर उपाय म्हणून कोणी प्रामाणिकपणावर प्रवचन दिले नाही. मुख्य याजक यहोयादाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत. ती रक्कम पुढे देखरेख करणाऱ्यांना, आणि त्यांच्याकडून सुतार-गवंड्यांना जाई. म्हणजे ज्यांच्याकडे हिशेब मागावा लागला नाही, त्यांच्या हाती पैसा पोहोचण्याआधी तो उघड्यावर मोजलेला होता. विश्वासाची जागा अशी आधी तयार करावी लागते.

पैसा: दोघांनी मोजा, लगेच लिहा, सर्वांना सांगा

एज्रा बाबेलहून यरुशलेमला निघाला तेव्हा त्याच्याजवळ ६५० किक्कार चांदी, शिवाय सोने आणि मंदिराची पात्रे होती. त्याने १२ प्रमुख याजक निवडले आणि सगळे तोलून त्यांच्या हाती दिले. यरुशलेमला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ते पुन्हा तोलले गेले आणि वजन लिहून ठेवले गेले. ही सगळी एज्राच्या भरवशाचीच माणसे होती, तरी तोलणे टळले नाही. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलानेही अशीच काळजी घेतली. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ त्याने बरोबर घेतला. देवासमोर योग्य ते करायचेच, पण माणसांनाही ते योग्य दिसले पाहिजे, असे त्याने करिंथकरांना स्पष्ट लिहिले.

आपल्या मंडळीत हे असे आणता येईल.

दानार्पण दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन माणसांनी मोजावे. नवरा-बायको किंवा बाप-लेक ही जोडी नको. मोजणी त्याच दिवशी व्हावी, वहीत आकडा आणि शब्दांत रक्कम लिहावी आणि दोघांनी सही करावी. बँक उघडण्याची पहिलीच वेळ गाठून भरणा करावा. सुट्टी असेल तर दोन कुलपांची पेटी वापरावी आणि किल्ल्या दोघांकडे असाव्यात.

खाते मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असावे आणि दोघांच्या सहीने चालावे. दारात लावलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे ते आजच तपासा. अनेक ठिकाणी पाळकसाहेबांचा किंवा खजिनदाराचा स्वतःचा कोड सोयीसाठी लावला जातो. पुढे घरचा पैसा कोणता आणि मंडळीचा कोणता, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. त्या भल्या माणसाला संशयातून वाचवायचे असेल तर तो कोड काढा.

ज्या कारणासाठी पैसा आला त्याच कारणासाठी तो जावा. कबरस्तानाच्या भिंतीसाठी गोळा झालेल्या निधीतून सणाचा मंडप उभा राहिला, तर पैसा मंडळीतच राहिला हे उत्तर पुरत नाही. देणाऱ्याने भिंतीसाठी दिले होते. बदल करायचाच असेल तर आधी सभेत विचारा.

दयेच्या कामाचीही नोंद ठेवा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा उदार स्वभाव आपण प्रेमाने वाचतो, आणि त्या उदारतेपायी घर चालवताना लक्ष्मीबाईंची होणारी ओढाताणही वाचतो. माणूस स्वतःच्या खिशातून देतो तेव्हा तो त्याचा आणि त्याच्या घराचा प्रश्न असतो. मंडळीच्या पेटीतून देताना मात्र सगळ्या मंडळीचा हात पुढे झालेला असतो. मदत घेणाऱ्याचे नाव सभेत उच्चारू नका, त्याची लाज राखा. पण रक्कम, तारीख आणि दोन पंचांच्या सह्या वहीत असू द्या.

दर महिन्याला जमा-खर्चाचा एक पानाचा तक्ता सूचना फलकावर लावा. खजिनदाराला वर्षातून एकदा विचारण्यापेक्षा लोकांना बारा वेळा वाचू देणे त्याच्याही सोयीचे असते. कॅथलिक बंधुभगिनींच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावी आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा, असे सांगितलेले आहे. आपला पंथ कोणताही असो, ही शिस्त सर्वांनी घ्यावी अशी आहे.

कायदाही समजून घ्या. आपली मंडळी किंवा संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर दरवर्षी लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थेची जमीन किंवा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. मिशनच्या काळापासून आलेल्या जागा आज शहरांच्या ऐन मध्यात आहेत आणि त्यांच्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालू आहेत. मिशनरी आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळा, दवाखाने आणि प्रार्थनेसाठी राखलेली जागा आपल्या सहीने जाऊ नये असे वाटत असेल, तर मोठा सौदा पुढे आला की संपूर्ण मंडळीची सभा बोलवा आणि कागद तिच्यापुढे मोठ्याने वाचा.

शब्द: आकडे, साक्ष आणि वचन

१९४८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बिली ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी एकत्र बसले. फिरत्या सुवार्तिकांची कामे कशाने बदनाम होतात, याचा त्यांनी विचार केला आणि स्वतःसाठी मर्यादा आखल्या. पैशाचा व्यवहार आणि लैंगिक शुद्धता ही दोन कारणे कोणालाही सुचली असती. स्थानिक मंडळ्यांवर टीका करायची नाही हे तिसरे ठरले. चौथी मर्यादा आपल्यासाठी फार मोलाची आहे: गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत.

संजीवन सभेला चारशे लोक असतील तर अहवालात चारशेच लिहा. प्रार्थनापत्रात एकाच कुटुंबाची साक्ष तीन वेगवेगळ्या गावांची म्हणून छापू नका. कोणी बरा झाला असेल तर देवाचे आभार माना. त्याची औषधे चालू असतील तर तेही सांगा. देवाच्या गौरवाला आपल्या अतिशयोक्तीची गरज नसते. यूट्यूबवरून घेतलेले प्रवचन सांगायचे असेल तर ते कोणाचे आहे ते सांगा. सदस्यत्वाचा दाखला किंवा शिफारसपत्र देताना पुढच्या मंडळीला खरे कळू द्या. अडचणीचा माणूस गोड शब्दांचे पत्र देऊन दुसऱ्या गावाला पाठवणे म्हणजे आपली जखम शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवणे.

आणि ते रोजचे वाक्य, “तुमच्यासाठी प्रार्थना करतो.” हे म्हणताच तिथेच दोन मिनिटे प्रार्थना करा, किंवा घरी जाऊन वहीत नाव लिहा. प्रभूने आपले होय हे होयच असावे असे शिकवले. त्याची सुरुवात अशा लहान वाक्यांपासून होते.

अधिकार: खुर्ची सोडता यावी

नहेम्या यहूदाचा सुभेदार होता. आधीच्या सुभेदारांनी लोकांकडून घेतलेला भत्ता आपण १२ वर्षे घेतला नाही, हे त्याने स्वतः लिहून ठेवले. हक्क असूनही त्याने हात आखडता घेतला, कारण लोकांवरचे ओझे जड होते. अधिकाराची खरी ओळख अशी न घेतलेल्या गोष्टींवरून होते.

आपल्याकडे मंडळी म्हणजे नातेवाइकांचे जाळे असते. पंचांमध्ये साडू, मेहुणे, व्याही असतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यामुळे एक नियम पाळावा लागतो. मिशनच्या शाळेत शिपायाची जागा भरायची असेल आणि आपला भाचा उमेदवार असेल, तर बैठक सुरू होताच ते उघड सांगा, खोलीबाहेर जा आणि निर्णय झाल्यावर आत या. कार्यवृत्तात तशी नोंद होऊ द्या. भाच्याला नोकरी मिळाली तर त्याचेही नाव स्वच्छ राहील.

पदांना मुदत असावी. सलग दोन कार्यकाळ झाले की एक कार्यकाळ बाजूला राहण्याचा ठराव करा. इथ्रोने मोशेला एकट्याने न्यायनिवाडा करताना पाहिले आणि काम वाटून देण्याचा सल्ला दिला. मोशे देवाशी बोलणारा माणूस होता, तरी त्याने सासऱ्याचे ऐकले. ज्याच्याशिवाय मंडळीचे पान हलत नाही, त्याने पंधरा वर्षांत कोणाला तयार केले, हे त्याला प्रेमाने विचारायला हवे.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट हीही ठेव आहे. एखादी बहीण घरातले दुःख पाळकसाहेबांना किंवा त्यांच्या पत्नीला सांगते आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत ते विनंती म्हणून सगळ्यांपुढे येते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती बहीण पुन्हा कोणापाशी मन मोकळे करत नाही. तिच्या परवानगीवाचून एक शब्दही बाहेर जाऊ नये.

मुले: इथे तडजोड नाही

संडे स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा (व्हीबीएस), तरुणांचे शिबिर, वसतिगृह. पालक मुले आपल्या स्वाधीन करतात. वर्गात किंवा मुक्कामी दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे, एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवरून नेऊ-आणू नये आणि रात्री-अपरात्री मोबाइलवर खासगी संदेश पाठवू नयेत. नवा शिक्षक कितीही भक्तिमान वाटला तरी आधीच्या मंडळीत चौकशी करा.

मुलाने काही सांगितले तर ऐका, त्याला दोष देऊ नका आणि लगेच पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा माहीत असून न कळवणे हाच गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. तो वर्गाच्या भिंतीवर लावा. पंचांनी घरात बसून मिटवण्याची ही गोष्ट नाही, आणि मंडळीचे नाव जाईल ही भीती मुलाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

तक्रार आली तर

रवी झकरायस हे भारतात जन्मलेले आणि जगभर ऐकले गेलेले ख्रिस्ती वक्ते. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत त्यांनी अनेक स्त्रियांशी गंभीर लैंगिक गैरवर्तन केल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. पूर्वी तक्रार केलेल्या स्त्रीवर आपण विश्वास ठेवला नाही आणि झकरायस यांच्यावरच्या आंधळ्या भरवशापायी देखरेख ढिली पडली, हे संस्थेच्या मंडळाने मान्य केले. गुण, वक्तृत्व आणि आदर यांनी देखरेखीची जागा घेतली की काय होते, हे यातून शिकावे.

म्हणून तक्रार आली की तीन गोष्टी करा. ती लिहून घ्या. ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या नात्यातला किंवा उपकाराखालचा माणूस चौकशीत नको. निकाल लागेपर्यंत आरोप असलेल्याला त्याच्या कामापासून दूर ठेवा. ही शिक्षा नाही, दोन्ही बाजूंचे रक्षण आहे. तक्रार गुन्ह्याची असेल तर पोलीस आधी, बैठक नंतर. पौलाने तीमथ्याला दिलेला सल्लाही लक्षात ठेवावा: मंडळीतल्या वडिलांवरचा आरोप साक्षीशिवाय ऐकून घेऊ नये. त्या सल्ल्याच्या पुढेच, पाप सिद्ध झालेल्यांना सर्वांसमोर दोष देण्याचाही आदेश आहे. आपण बहुधा पहिले वाचून थांबतो.

सामान्य सभासदानेही आपली जबाबदारी ओळखावी. पैशाबद्दल, वागण्याबद्दल शंका असेल तर आधी त्या माणसाकडे एकट्याने जा. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, आणि मग मंडळीपुढे. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता टोमणे मारण्याने कोणी सुधारत नाही. मात्र जिथे जीव किंवा मूल धोक्यात आहे तिथे ही पायऱ्यांची वाट नाही. तिथे थेट संरक्षण मिळवून द्या.

आपलीच चूक झाली असेल तर जक्कयाचे उदाहरण पुरे आहे. त्याने नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही. कोणाचे किती परत द्यायचे, तो आकडा सांगितला: चौपट. माफी मागताना काय केले ते सरळ सांगा, “कोणाला वाईट वाटले असेल तर” अशी पळवाट ठेवू नका, नुकसान भरून द्या आणि पुन्हा कधी पद मिळेल हे लोकांवर सोडा. देवाकडून क्षमा त्याच क्षणी मिळते. किल्ली परत मिळायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

सोमवारचा विश्वास

रविवारी पंच असलेला माणूस सोमवारी दुकानदार, शिक्षक, कारकून, रिक्षावाला, नर्स असतो. लेवीयच्या पुस्तकात खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, असे अनुवादात सांगितले आहे. म्हणून घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेलाच द्या, त्यांना मागायला लावू नका. सुट्टीचे पैसे कापण्याआधी, आपला मालक आपले कापतो का, ते आठवा. हजेरी लावून बाहेर जाणे, खोटी बिले जोडणे, मीटरमध्ये फेरफार करणे, मुलाचा शाळेचा प्रकल्प स्वतः करून देणे, या सगळ्यांतून मुले घरातला खरा धर्म शिकतात. दार वाजले की “बाबा घरी नाहीत म्हणून सांग” असे आपण लेकराला सांगतो, तेव्हा त्याच्या संडे स्कूलचे वर्षभराचे काम आपण एका वाक्यात पुसतो.

लाच मागितली गेली तर एकट्याने लढायची गरज नाही. मंडळीतल्या वकील, शिक्षक, निवृत्त अधिकारी अशा दोन-तीन जाणत्यांनी अशी सोय करावी की अडलेल्या माणसाचा कागद घेऊन कोणीतरी त्याच्याबरोबर कार्यालयात जाईल. सचोटीची किंमत गरिबाला एकट्याने मोजावी लागू नये.

आणि रोज रात्री, दिवा मालवण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज माझ्या हाती दुसऱ्याचे काय होते? ते मी लिहून ठेवले का, परत केले का, जपले का? आणि आजची अशी कोणती गोष्ट आहे जी उद्या कोणी पाहिली तर मला चालणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर तीच गोष्ट उद्या सकाळी योग्य माणसाला आधी सांगा.

त्या आतल्या खोलीत मी खजिनदार म्हणून बसलो ती वर्षे संपली. आता तिथे दुसरे दोघे मोजतात. मला विचारले तर मी एवढेच सांगेन: पन्नासच्या नोटेच्या चार घड्या सावकाश उलगडा. ती म्हातारी बाहेर चहा पीत उभी असेल आणि आत काय चालले आहे हे तिला माहीतही नसेल. तिला कधी ते विचारावे लागू नये, एवढी काळजी आपण घ्यायची आहे.